तेरा मिनिटांचं खोटं

समजा, तुम्ही ओल्या गवतावर पालथे पडला आहात. पोटाखाली मेणकापड आहे, तरी गार पाणी कुठूनतरी बेंबीपर्यंत पोचलंच आहे. हातात दीडशे वर्षांची रायफल. नळीच्या तोंडातून दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी गजाने खाली ढकलायची, असली. समोर हजार यार्डांवर, टेकडीच्या पायथ्याशी, निशाणाचा फळा. तो सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद आहे म्हणतात. तुम्हाला तो मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो.

गोळीला तिथे पोचायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्या वेळात ती पडत असते, म्हणून नळी थोडी आभाळाकडे उचलून धरावी लागते. किती उचलायची ते ठरवते रायफलच्या मागच्या टोकाला उभी असलेली बोटभर लांबीची पितळी पट्टी. पट्टीवर अंश आणि मिनिटं कोरलेली आहेत. मिनिट म्हणजे घड्याळाचं नव्हे, एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक. पट्टीवर एक चकती वरखाली सरकते आणि चकतीला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. त्या भोकातून बघायचं. चकती एक मिनिट चुकली की हजार यार्डांवर गोळी दहा इंच चुकते.

आता चकती सरकवा. कुठपर्यंत? ते वहीत लिहिलेलं असतं. प्रत्येक रायफलवाल्याकडे त्याच्या रायफलची वही असते, सहाशेला इतकं, नऊशेला इतकं, हजाराला इतकं. वही खरी असेल तर बाकी सगळं सोपं.

नोरीन हॅकिंगला या सगळ्याचीच किळस होती.

ती जन्मली इंग्लंडातल्या लँकशायरमध्ये, गिरणीच्या चाळीत. सतराव्या वर्षी ती यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मापं तपासायच्या खोलीत लागली आणि एकतीस वर्षं तिने तिथे केसाच्या दहाव्या भागाएवढ्या चुका पकडल्या. त्या खोलीत धूळ चालत नसे. हात धुऊन आत यायचं, पांढरा डगला घालायचा, मोजायची वस्तू मऊ कापडाने पुसायची. नोरीनला ते फार आवडायचं. आणि अशा बाईने लग्न केलं डेस हॅकिंगशी, जो बसच्या डेपोत मेकॅनिक होता आणि रविवारी काळ्या दारूची रायफल मारायचा.

काळी दारू जळली की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो कोटाला लागतो, गाडीच्या सीटला लागतो, नवऱ्याच्या भुवयांना लागतो. नळीत प्रत्येक गोळीनंतर काळं ओलसर किटण साचतं, ते चिंधीने पुसून काढावं लागतं. डेस ती चिंधी तोंडात धरून थुंकीने ओली करायचा. मग तीच चिंधी नळीत, आणि तेच तोंड चहाच्या कपाला. घरी आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचं, ते काळं पाणी नोरीनच्या पांढऱ्या बाथटबमध्ये. गोळ्यांना चोपडायला मेंढीची चरबी आणि मेण वितळवायचं, ते नोरीनच्या दुधाच्या भांड्यात.

"अरे, त्यात मी उद्या खीर करणार आहे," ती म्हणायची.

"मग छान घसरेल," डेस म्हणायचा.

तरी सत्तावीस वर्षं ती दर रविवारी त्याच्या शेजारी मेणकापडावर पडून दुर्बिणीतून बघत राहिली. वारा सांगायचं काम तिचं. टेकडीवरच्या झेंड्याकडे बघून ती म्हणायची, "डावीकडून, दीड बोट," आणि डेस नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंट, तेवढी सरकवायचा; एक बोट म्हणजे माशीखालची एक खूण. वाऱ्यात ती चुकत नसे. मात्र मागची पट्टी लावायची वेळ आली की डेस तिच्याकडे पाठ करून बसायचा.

"माझ्यापासून काय लपवतोस रे?"

"लपवत नाही. प्रकाश नीट येत नाही."

हे लपवणं फक्त डेसचं नव्हतं. त्या क्लबात वीसबावीस माणसं, बहुतेक पेन्शनीतली, आणि वहीत खरा आकडा लिहिणारा माणूस तिथे नवखा समजला जाई. चहाला उठलं की दुसऱ्याच्या वहीत डोकावायचं, हा जणू क्लबचा नियमच होता. म्हणून प्रत्येकाचं एक गुपित ठरलेलं असे. कुणी खऱ्या आकड्यात सात मिळवून लिही, कुणी चार वजा करून. पट्टी लावताना मनात हिशेब करायचा. नोरीनला याचाही तिटकारा होता. मापं तपासायच्या खोलीत कुणी मुद्दाम खोटं माप लिहिलं असतं तर त्याला दुपारच्या आत घरी पाठवलं असतं.

डेस तेवढा वेगळा होता. त्याची वही मेणकापडावर उघडी पडलेली असायची. "खोटं लिहिणारा एक दिवस स्वतःच फसतो," तो सगळ्यांदेखत म्हणायचा. "बघा माझी वही. आकडा चोराल, हात कुठून चोराल?"

नोरीनला नवऱ्याची ही एक गोष्ट स्वच्छ वाटायची.

मार्चमध्ये डेस गेला. अंत्यविधीनंतर क्लबच्या लाकडी खोलीत चहा होता. क्लिफर्ड एन्ट्विसल हातात हॅमचं सँडविच घेऊन तिच्यापाशी आला. क्लिफ डेसचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि क्लबच्या मैदानाचा प्रमुख. सुटाला त्याच्याही सडक्या अंड्यांचा वास येत होता.

"नोरीन, रायफलचं," तो म्हणाला. "घाई नाही. पण डेस वार्षिक जेवणात सगळ्यांसमोर बोलला होता, माझ्यामागे ही क्लबची. आम्ही जागा ठरवलीय. ती तिथे, भिंतीवर, चहाच्या बंबाच्या वर."

"बंबाच्या वर वाफ असते. महिन्यात गंजेल."

"पुसत जाऊ की."

"तुम्ही? तुम्ही कप पुसत नाही." तिने हातातला कप त्याला दाखवला. आत तपकिरी वर्तुळं होती, एकावर एक, झाडाच्या खोडासारखी.

"मग घरी ठेवून तू काय करणार आहेस? मारणार आहेस?"

तिला रायफल हवी होती का? मुळीच नाही. पण सत्तावीस वर्षं तिने त्या रायफलची घाण बाथटबमधून खरवडून काढली होती. जिची घाण आपण काढली ती वस्तू या लोकांच्या भिंतीवर लटकणार, ही कल्पना तिला त्या घाणीपेक्षाही घाण वाटली.

"मारीन," ती म्हणाली.

"दोनशेवर तू चांगली मारतेस, बाई, मला माहितीय. मी हजाराचं म्हणतोय. ती रायफल डेसशिवाय कुणाच्या हाताला हजारावर ऐकणार नाही."

"हजारावर."

क्लिफने सँडविचचा उरलेला तुकडा तोंडात कोंबला आणि चावता चावताच सौदा ठरवला. ऑक्टोबरच्या सामन्यात पाच गोळ्या. तीन फळ्यावर बसल्या तर रायफल घरी. नाहीतर भिंत. नोरीनने त्याच्या तोंडाकडे न बघता हात मिळवला आणि मग हात धुतला.

सप्टेंबरात तिने पहिल्यांदा लांबचा सराव केला, सहाशे यार्डांवर. शेजारी दुर्बीण घेऊन क्लिफ. डेसच्या वहीत सहाशेपुढे होतं एक अंश चौदा मिनिटं. तिने चकती तिथे आणून ठेवली. रेघेला रेघ जुळली की नाही ते भिंगातून दोनदा बघितलं. व्हर्निअरची, म्हणजे अशा बारीक मापपट्टीची, रेघ वाचणं हे तिचं एकतीस वर्षांचं काम होतं.

धूर. अंड्यांचा वास. मग क्लिफचा आवाज.

"चिखलात. फळ्याच्या मध्यापासून सात फूट खाली. पट्टी नीट लावलीस ना?"

"मी?" नोरीन म्हणाली. "मी नीट लावली का म्हणून विचारतोस?"

दुसरीही चिखलात. मग तिने वही बाजूला ठेवली आणि चकती दोनदोन मिनिटं वर घेत गेली. गोळ्या चिखलातून वर चढत चढत फळ्याच्या मधोमध आल्या तेव्हा पट्टीवर एक अंश सत्तावीस मिनिटं होती. तिने तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. तेरा.

बंदूक जुनी आहे, दारूचा डबा नवा आहे, हवा दमट आहे. तेरा मिनिटांना शंभर कारणं असू शकतात. पण जेवणानंतर नऊशे यार्डांवर तिने वहीतल्या दोन अंश तीन मिनिटांत गुपचूप तेरा मिळवले, दोन अंश सोळावर चकती लावली, आणि पहिलीच गोळी फळ्यावर बसली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. नवरा गेलाच होता, आता त्याचा खरेपणाही गेला.

"शी," ती म्हणाली.

"काय झालं? बसली की गोळी!"

"क्लिफ, तू वहीत किती चोरतोस?"

क्लिफने इकडेतिकडे पाहिलं. "सात. वजा. कुणाला सांगू नकोस."

"आणि डेस?"

"डेस? छे. डेसची वही चर्चमधल्या पुस्तकासारखी."

"तेरा. वजा."

क्लिफची दुर्बीण हळूहळू खाली आली. "माझी रायफल त्याच कारखान्यातली आहे," तो म्हणाला. "एकदा सामन्याच्या आधी मी त्याचा आकडा... म्हणजे सहज नजर गेली. त्याच आकड्यावर लावली. सगळ्या गोळ्या चिखलात. मला वाटलं माझे डोळे गेले. मी नवा चष्मा केला, नोरीन!" मग तो हसायला लागला आणि हसता हसता खोकायला. "काय हरामखोर माणूस!"

हे त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की नोरीनला त्याचाही वीट आला. क्लिफला फसवलं, ठीक. क्लिफ चोरायलाच आला होता. पण ती तर शेजारी पडून वारा सांगत होती. सत्तावीस वर्षं तिने दिलेला प्रत्येक आकडा खरा होता. तिच्याजवळ तो एकदाही म्हणाला नाही, की अगं, वही खोटी आहे. उलट घरी जेवताना, तोंडात घास असताना, तेच "आकडा चोराल, हात कुठून चोराल" तिला ऐकवायचा, आणि ती मान डोलवायची. त्या डोलवलेल्या मानेची तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. टेकडीचा माथा ढगात, वारा डावीकडून, पाऊस येऊन-जाऊन. हजार यार्डांच्या रेघेवर नोरीन पालथी पडली. वहीत हजारापुढे होतं दोन अंश छत्तीस मिनिटं. तिने तेरा मिळवले. दोन अंश एकोणपन्नास. पट्टी लावताना तिने क्लिफकडे पाठ केली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पाठ केली आहे. ई.

माशी दोन बोटं उजवीकडे. श्वास. धूर.

फळ्याजवळच्या खंदकात बसलेल्या माणसाचा आवाज क्लिफच्या रेडिओतून आला. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, बाई. फळा कोरा आहे. चिखल पण उडाला नाही."

नळी पुसायला हवी होती. पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. नोरीनने चिंधीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि चिंधी तोंडात घातली. गंधक, शिसं आणि जुन्या चरबीची चव. मग तीच चिंधी नळीत.

"पावसाने दारू सादळली असेल," क्लिफ म्हणाला. "वर घे. चारएक मिनिटं."

तिने चार वर घेतली.

"काही नाही," रेडिओ म्हणाला.

आता तीन गोळ्या उरल्या आणि तिन्ही बसायला हव्या होत्या. मागे क्लबची मंडळी छत्र्यांखाली उभी होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "खिळा आहे का रे आपल्याकडे, भिंतीसाठी?"

"ऐकू येतंय मला!" नोरीन मागे न बघता ओरडली.

तिने वही पुढ्यात ओढली. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या मापांवर विश्वास ठेवला नव्हता. मग इथे काय झालं होतं? तिने पाटीवर मांडावं तसं मनात मांडलं. सहाशेपासून नऊशेपर्यंत, तीनशे यार्डांना, एकोणपन्नास मिनिटं. म्हणजे शंभराला सोळासतरा. पुढे गोळी दमते, तेव्हा शेवटच्या शंभराला फार तर वीस. आणि वहीत नऊशे ते हजार किती? तेहतीस. तेहतीस! अशी गोळी जगात नाही. तिला स्वतःचीच किळस आली. एक वजाबाकी. कारखान्यात सतरा वर्षांच्या पोरीलाही हे दिसलं असतं.

तेहतीसातून वीस गेले, तेरा. म्हणजे नऊशेचा आकडा खोटा, सहाशेचा खोटा, आणि हजाराचा खरा. त्यात काही मिळवायचंच नव्हतं. तिच्या दोन्ही गोळ्या फळ्याच्या डोक्यावरून टेकडीतल्या झुडपांत गेल्या होत्या.

पण मग हाच एक खरा का?

पावसाचा थेंब वहीवर पडला. तिने तो बाहीने टिपला आणि त्या आकड्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सहाचं शेपूट वर वळवून आत घेतलेलं. मापाच्या खोलीत असाच सहा काढायला शिकवायचे, शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. डेसचा सहा असा नव्हता. हा तिचा होता. स्वतःचं अक्षर माणसाच्या डोळ्याला अक्षर म्हणून दिसतच नाही.

तीन वर्षांपूर्वीचा गारांचा दिवस. नव्या डब्यातली दारू होती म्हणून डेसने हजाराचा आकडा नव्याने शोधला होता. हात मनगटापर्यंत काळे, आणि त्याच हातांनी तो वही उघडायला गेला. "दे इकडे," ती म्हणाली होती, "नासवशील सगळी. तू सांग, मी लिहिते." कानांवर दोघांच्याही आवाज अडवणारे, हेडफोनसारखे जाड बोळे. डेसने एका काळ्या बोटाने तिच्या कानावरचा बोळा उचलला होता, आकडा सांगितला होता आणि बोळा परत बसवला होता. गालावर काळा डाग. तो डाग तिने घरी तीनदा साबण लावून धुतला होता आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलली नव्हती.

"नोरीन, झोपलीस का?" क्लिफ म्हणाला. "वर घ्यायची का अजून?"

"नाही. खाली."

"खाली?"

"सतरा मिनिटं खाली."

"सतरा! अगं, तेरा तर डेसचेच..."

"क्लिफ, तोंड बंद कर."

तिने चकती दोन अंश छत्तीसवर आणली. या वेळी पाठ केली नाही. क्लिफला बघायचं तर बघू दे. झेंडा थोडा पडला होता. माशी अर्धं बोट मागे. श्वास. धूर. तीन सेकंद, आणि आणखी थोडे.

रेडिओ खरखरला. "खाली, डावा कोपरा. पण फळ्यावर."

मागच्या छत्र्या दोन पावलं पुढे सरकल्या. नोरीनने चिंधी परत तोंडात घातली. चौथी गोळी काळ्या वर्तुळात बसली, मध्यापासून वीतभर. पाचवीच्या वेळी वारा अचानक उठला आणि चाप ओढता ओढताच तिला कळलं, की आपण हा वारा चुकलो.

क्लिफने रेडिओ तोंडाशी धरला.

"अरे बोल!" क्लिफ त्याच्यावर खेकसला.

"कागदाला नाही," आवाज आला. "चौकटीला. उजव्या बाजूच्या लाकडाची कपची उडालीय."

सगळे क्लिफकडे बघायला लागले. क्लिफ टेकडीकडे बघत राहिला. त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं आणि ते तो पुसत नव्हता.

"सौदा काय होता?" त्याने विचारलं.

"तीन, फळ्यावर," नोरीन म्हणाली.

"लाकूड फळ्याचंच ना?"

"लाकूड तुझं आहे. तूच ठोकलंयस."

"मग फळ्यावरच," क्लिफ म्हणाला, आणि मागे वळून ओरडला, "खिळा ठेवून द्या रे!"

तो तिला उठायला मदत करायला वाकला. त्याचा हात काळा होता, तिचाही काळाच होता, त्यामुळे तिने तो धरला.

"क्लिफ, गारांच्या त्या सामन्यात तू डेसच्या शेजारीच होतास ना? हजाराचा आकडा मी लिहिला तेव्हा?"

"होतो. दोन हातांवर."

"त्याने माझ्या कानावरचा बोळा उचलला, तेव्हा तो तुझ्याकडे बघत होता का? तू ऐकत नाहीस ना, हे बघायला?"

"मला काय माहीत, बाई! माझे स्वतःचे बोळे होते. मी गारा मोजत होतो." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "का?"

तिने रायफल ब्लँकेटात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकली. घरी पोचेपर्यंत काचा उघड्या ठेवूनही सगळी गाडी सडक्या अंड्यांनी भरली. तिने किटलीभर पाणी उकळलं, नळी बाथटबवर आडवी धरली आणि ओतलं. काळं पाणी पांढऱ्या टबमध्ये पसरत गेलं. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, ओठ काळे, गाल काळा.

शी, ती म्हणाली आणि साबण हातात घेतला. पण गाल तेवढा तिने शेवटी धुवायचा ठेवला. सत्तावीस वर्षांत डेसने तिला सांगितलेला तो एकच खरा आकडा. तो त्याने तिला सांगायचा म्हणून सांगितला, की हात गारठले होते म्हणून खोटं बोलायचं विसरला?

कोण सांगेल?